खळ्यावर आणलेली गाडी

शेणव्याच्या पुढे डोंगराकडे जो रस्ता वळतो, त्या रस्त्यावरच्या तिसऱ्या वाडीत जनी घुडे राहते. वय अठ्ठावन्न. उंची जेमतेम पाच फूट. त्यामुळे गाडी चालवायला बसताना तिला बुडाखाली चौघडी केलेली गोधडी लागते. गाडी नऊ माणसांची, पण त्या वाडीत नऊचा आकडा कोणी मानत नाही. लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला, माहेरपणाला गेल्या सात वर्षांत त्या गाडीतून कोण गेलं नाही, हे विचारलं तर फार थोडी नावं निघतील.

गाडी मुळात नवऱ्याची, काळूरामची. कल्याणच्या एका ठेकेदाराकडे सव्वीस वर्षं ड्रायव्हर म्हणून राबल्यावर त्याने ती जुनी घेतली, त्याला आता बारा वर्षं झाली. पाच वर्षं त्याने ती मनापासून चालवली. मग त्याची साखर डोळ्यांत उतरली. उजवा डोळा गेला, डाव्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं. गाडी तीन महिने आंब्याखाली उभी राहिली, तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. चौथ्या महिन्यात जनीने किल्ली घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "बाजूला बसा आन् सांगा."

तो बाजूला बसला आणि सांगत राहिला. बरंचसं ओरडून सांगितलं. परीक्षेच्या दिवशी साहेबाने तिच्याकडे पाहून विचारलं, "मावशी, मुलगा कुठे आहे? त्याला पाठवा." जनी म्हणाली, "मुलगा कंपनीत गेलाय. परीक्षा माझी हाय." साहेबाने मागे घ्यायला सांगितलं तेव्हा तिने गाडी एका दमात मागे घेतली आणि लायसन्स घेऊनच घरी आली.

यंदा पौष लागता लागता गाडी घरघरायला लागली. आधी पाचव्या गिअरला, मग चौथ्यालाही. आत कोणीतरी जातं ओढतंय असा आवाज यायचा. काळूरामने बाजूला बसून दोन दिवस कान दिला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स बोलतोय. तेल बघायला पायजे." त्याचे डोळे गेल्यापासून गिअरबॉक्सचं तेल बघायचं काम किन्हवलीच्या किशोर मेकॅनिककडे असे. किशोर फटफटीवर आला, अंगणात गाडीखाली शिरला, गिअरबॉक्सच्या कडेचा नट सोडला. नट निघताच भोकातून तेल टपटप गळलं. त्याने ते काळूरामच्या बोटाला लावून दाखवलं.

"काका, तेल फुल आहे. म्हणजे बेअरिंगच गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवून तरी काय, या गाडीला आता कोण एवढं करत बसेल?"

ही बातमी अनिलला कळली. अनिल म्हणजे जनीचा एकुलता मुलगा. भिवंडीला गोदामात सुपरवायझर, बायकोबरोबर आसनगावला राहतो. गुरुवारी संध्याकाळी तो आला तो गिऱ्हाईक ठरवूनच. मुरबाडचा कोणी हरेश होता, जुन्या गाड्या घेऊन नीट करून चालवायचा. तो रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार होता. काळूरामचे थोरले भाऊ भिमा ओटीवर बसले होते. त्यांच्यासमोर अनिलने स्पष्ट सांगितलं, "गिअरबॉक्स गेला म्हणून विकतोय. नायतर मी कशाला विकीन, काका? आईची लाडकी गाडी हाय." भिमा म्हणाले, "बरोबर हाय." जनी आत भाकरी थापत होती. भाकरीवर तिचा हात जरा जोरात पडला, एवढंच.

गाडी गेली की आपलं काय होणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पुन्हा दुसऱ्याच्या मागच्या सीटवर, दुसऱ्याच्या वेळेवर. आणि काळूराम दिवसभर आंब्याखाली. आता निदान रोज एक फेरी तरी त्याच्या कानांना काम असतं.

शुक्रवारी सकाळी ती बोंबील तळत होती. चुलीचा एक दगड खचला होता, म्हणून तवा एका अंगाला कलला होता. तेल सगळं त्या अंगाला जमलं. तिथले बोंबील तेलात पोहत होते आणि वरच्या अंगाचे कोरडेच करपत होते. जनीने उलथनं हातात धरलं आणि ती तशीच बघत राहिली. करपल्याचा वास ओटीपर्यंत गेला.

"अगो, जळतंय!" काळूराम बाहेरून ओरडला.

जनी तवा उतरवून बाहेर आली. "तुमी तेल बघायला कुठं शिकलात?"

"कसलं तेल?"

"गिअरबॉक्सचं."

"ठेकेदाराच्या गॅरेजात, कल्याणला. सतरा वर्षांचा होतो."

"तिथली जमीन कशी होती?"

"जमीन? कोबा होता. गुळगुळीत. काचेसारखा."

"सपाट?"

"मग काय, गॅरेज डोंगरावर बांधतात?"

जनीने त्याचा चेहरा गाडीकडे वळवला, जणू त्याला ती दिसतच होती. त्या वाडीत ज्यांच्याकडे गाडी आहे ते सगळे ती उताराला तोंड करून लावतात. बॅटरी दगा देते, धक्का मारायला दरवेळी माणसं कुठून आणायची? हातब्रेक सोडला की गाडी आपल्या वजनाने घरंगळते, गिअर टाकला की चालू होते. जनीची गाडीही बारा वर्षं आंब्याखाली तशीच उभी होती, नाक खाली, शेपूट वर. गिअरबॉक्सचं तेल बघायचं भोक पुढच्या, म्हणजे खालच्या अंगाला होतं. किशोर आला तेव्हाही गाडी तशीच होती.

"नाय गो," काळूराम शेवटी म्हणाला. "बारा वर्षं झाली. पाच वर्षं माझं बोट, मग किशोरचं. मला शिकवतेस?"

"तुमचं बोट बरोबर हाय. आंगण वाकडं हाय."

"मग सपाट जागा कुठनं आणशील? सगळा गाव वाकडा हाय!"

ते खरं होतं. रस्ता चढाचा, देवळापुढे पायऱ्या, शाळेच्या मैदानात खड्डे. वाडीत सपाट म्हणावी अशी एकच जागा होती, आणि ती भिमांच्या दारापुढे होती. भाताचं खळं. रास उचलली होती, पेंढा रचून झाला होता, पण खळं अजून मोडलं नव्हतं. मोडेपर्यंत त्यावर चप्पल घालून कोणी जात नाही. पाहुणा असला तरी काठावर चपला काढतो. लहान मूल गेलं तर त्याला उचलून आणतात.

जनीने दोन बादल्या पाणी आणलं आणि गाडीचे चारी टायर धुतले. काथ्याने घासून धुतले. मग चपला काढून ती गाडीत बसली आणि ती घरघरणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये भिमांच्या दारापुढे नेली.

भिमा खळ्याच्या काठावर बसून दोर वळत होते. वय बहात्तर. लग्न होऊन आल्यापासून अडतीस वर्षांत जनी या दिरासमोर पदर घेतल्याशिवाय उभी राहिली नव्हती, आणि थेट बोलली तर तेही निरोप सांगायला दुसरं कोणी नसलं तरच. पुढचं चाक खळ्याच्या कडेवर चढलं तसा दोर भिमांच्या हातातून सुटला.

"अगो ए! कुठं आणतेस? खळं हाय ते!"

"ठाव हाय, दादा."

"ठाव हाय तर? चप्पल घालून कोण चढत नाय त्याच्यावर, आन् तू टायर चढवतेस?"

जनीने इंजिन बंद केलं, हातब्रेक ओढला आणि अनवाणी खाली उतरली. "चारी टायर धुतलेत. तुमी पाय धुवून बसलात का?"

भिमांनी आपल्या पायांकडे पाहिलं. धुतलेले नव्हते.

"खळं कोणाचं हाय?" ते ओरडले.

"सातबाऱ्यावर तुमचं. पण दरसाल कुदळीनं उकरतंय कोण? मधी तांब्याभर पाणी ओतून कुठं पळतंय ते बघतंय कोण? जिथं पळेल तिथं माती भरतंय कोण? मी आन् पारूवैनी. त्या पाण्याला जोपर्यंत जागच्या जागी थांबावंसं वाटत नाय, तोपर्यंत आमी शेण लावत नाय. सगळ्या वाडीत याच्याएवढी सरळ जागा नाय, म्हणून आणली. डाग पडला तर उद्या परत सारवीन."

बोलता बोलता तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता. तिने तो उचलला, पण डोक्यावर न घेता कमरेला खोचला. दारात उभी असलेली पारू, भिमांची बायको, हे सगळं बघत होती. ती आत जाऊन एक गोणपाट घेऊन आली आणि जनीच्या हातात दिलं. भिमांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू तीही आता गाडी चालवायला लागणार आहे.

जनीने चाकांना दगड लावले, गोणपाट पसरलं आणि पाना घेऊन गाडीखाली सरकली. काळूराम भिंत चाचपत आला आणि खळ्याच्या काठावर बसला. चपला त्याने सवयीने आधीच काढल्या होत्या.

"डाव्या बाजूला. पुढच्या अंगाला. चौकोनी डोक्याचा नट हाय," तो सांगू लागला.

"दिसतोय."

"उलटा फिरव."

"फिरवतेय."

"जोर लाव."

"तुमी येता का जोर लावायला?"

नट कुरकुरला, सैल झाला, तिच्या तळहातात आला. भोकातून तेल आलं नाही. अंगणात टपटप गळलं होतं, तिथे आता एक थेंबही नाही. जनीने करंगळीशेजारचं बोट आत घातलं. नवऱ्याने शिकवलं होतं, तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. तिने बोट खाली वाकवलं.

"काय लागलं?" काळूरामने विचारलं.

"काय नाय."

"म्हंजे?"

"म्हंजे कोरडं हाय."

"अजून आत घाल."

"अजून आत माझ्याकडं बोट नाय!"

भिमांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, पण सगळ्यांना कळलं.

काळूराम उठला. कोणाला न विचारता त्याने गोणपाटाची कड चाचपली आणि पाठीवर पडून आत सरकला. दोघं नवरा-बायको गाडीखाली शेजारी शेजारी पडलेले, आणि बाहेर चार पाय. जनीने त्याचा हात धरून भोकापाशी नेला. त्याचं बोट तिच्यापेक्षा जाड आणि लांब. ते आत गेलं, वाकलं, फिरलं आणि बाहेर आलं. अगदी टोकाला तेलाचा काळा ठिपका लागला होता. त्याने ते अंगठ्यावर चोळलं.

बाहेर येऊन तो काठावर बसला. मग भावाला म्हणाला, "दादा, मला ज्यानं शिकवलं त्यानं सपाट जागेवर बघायचं असं सांगितलं नव्हतं. तिथं सगळंच सपाट होतं, त्याला सांगायचं सुचलंच नसेल. मी घरी आणून उतारावर बघत बसलो. थेंब आला की फुल म्हणत होतो. किशोरला पण मीच सांगितलं होतं, थेंब आला की बस."

"मग आता?" भिमांनी विचारलं.

"आता ती सांगेल तसं."

गेल्या वर्षी आणलेला गिअर ऑइलचा कॅन घरात पडून होता. घराच्या कामाला आलेला गवंडी लेव्हल काढायची पारदर्शक नळी विसरून गेला होता. तिचा एक तुकडा जनीने कापला. नळीचं एक टोक कॅनमध्ये, दुसरं भोकात. पण कॅन वर धरायला कोणीतरी हवं. काळूराम उठू लागला तेवढ्यात भिमांनी तो कॅन उचलला आणि गाडीच्या दाराशी उंच धरला. "हलवू नका, दादा," जनी खालून म्हणाली. "मी काय पोर हाय हलवायला?" असं म्हणून ते वीस मिनिटं खरंच हलले नाहीत. दीड लिटरच्या वर तेल गेलं तेव्हा भोकाच्या काठावरून एक बारीक धार गोणपाटावर आली. जनीने ती दोऱ्याएवढी होऊन तुटेपर्यंत वाट पाहिली, मग नट लावला. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला तिला ओलसर तेलकट धूळ दिसली. तेल तिथून झिरपत होतं, महिनोन् महिने.

त्याच दुपारी ती किन्हवलीला गेली. काळूराम बाजूला, कान दरवाज्याला लावून. चौथा गिअर शांत. पाचव्याला बारीक गुणगुण राहिली, पण जात्याचा आवाज गेला होता. किशोरने एक चक्कर मारली आणि गाडी थांबवून विचारलं, "तेल कोणी टाकलं?"

"मी."

"पण काकू, मी बघितलं तेव्हा तर..."

"उतारावर बघितलंस."

किशोर प्रामाणिक माणूस. त्याने डोक्यावर हात मारून घेतला. "म्हणजे आख्ख्या खोऱ्यातल्या गाड्या मी चुकीच्या बघितल्यात!" म्हणाला, आणि शनिवारी सकाळी तेल झिरपत होतं तिथलं मागचं सील स्वतः बदलून गेला. सील बदलल्यावर तेल पुन्हा बघायला गाडी खळ्यावरच नेली. भिमांनी त्याला आधी पाय धुवायला लावले.

रविवारी नऊ वाजता अनिल आला, बरोबर हरेश. हरेश एसटीने आला होता, कारण परत जाताना गाडी घेऊनच जायचं असं ठरलेलं. वाडीतल्या सहा-सात बाया त्याआधीच पिशव्या घेऊन अंगणात जमल्या होत्या. मुरबाडपुढच्या म्हसा गावच्या जत्रेचा तो रविवार. हरेशने गाडी शेणव्यापर्यंत नेली आणि परत आणली. उतरताना तो हसत होता.

"अनिलभाऊ, तुम्ही तर म्हणत होतात गिअरबॉक्स गेला? हा तर मस्त आहे!"

अनिलला आधी कळेना. मग आईकडून सगळं ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला. "आई, कमाल केलीस! आता तर चांगलीच विकली जाईल."

जनी गोधडीची घडी घालत होती. ती घडी तिने सीटवर ठेवली आणि वळली.

"गुरुवारी तू काकांपुढं काय बोललास?"

"काय?"

"गिअरबॉक्स गेला म्हणून विकतोय, नायतर विकली नसती. बोललास का नाय?"

"आई, अगो ते..."

"गिअरबॉक्स हाय. आता खरं कारण सांग."

अनिल इकडे तिकडे बघू लागला. बाया होत्या, काका होते, गिऱ्हाईक होतं. पण विचारणारी मागे हटत नव्हती. शेवटी तो जमिनीकडे बघत भडभडा बोलला. "किन्हवलीच्या नाक्यावर कोणीतरी तुझा व्हिडिओ काढला. गोदामात सगळ्यांच्या मोबाइलवर आला. 'बघ, सुपरवायझरची म्हातारी जीप हाणते.' साठीची बाई..."

"अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न! लोक म्हणतात, पोरगा पगार घेतो आन् आईला ड्रायव्हर ठेवलंय."

"मग तू काय बोललास त्यांना?"

"काय बोलणार? गप्प बसलो."

"तू गप्प बसलास म्हणून मी गाडी विकायची?"

हरेशने खिशातून हात काढले, परत घातले. मग काळूराम आंब्याखालून बोलला. "कागद माझ्या नावावर हायेत ना? सही मला करायची. आन् सही कुठं करायची ते मला हिलाच विचारावं लागतं. विचार हिला."

"विचारायचं काय," जनी म्हणाली. "नाय विकायची. रे अनिल, त्या व्हिडिओवाल्यांना सांग, आई मालकीण हाय. बोलायला लाज वाटत असेल तर मला फोन लावून दे, मी सांगते." मग तिने मागचं दार उघडलं. "चला गो, बसा. ऊन वाढतंय. हरेशदादा, तुमी मुरबाडचे ना? मुरबाडवरनंच जायचंय. फुकट आलात तुमी, निदान परत तरी बसून जा. त्या मैनाच्या बाजूला जागा हाय."

हरेशला दुसरं काही सुचलं नाही. तो बसला. मैनाने तिची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली, कारण तिच्या मांडीवर आधीच दोन होत्या. काळूराम पुढे चाचपत येऊन आपल्या जागी बसला. अनिल अंगणात उभा राहिला. जनीने त्याला "येतोस का?" असं एकदा विचारलं, दुसऱ्यांदा नाही.

सरळगावच्या अलीकडे रस्ता मोकळा लागला. जनीने पाचवा टाकला. मागून हरेश पुढे वाकून म्हणाला, "काकू, पुढेमागे कधी द्यायची झाली तर मला आधी सांगाल ना?"

समोर बैल भरलेला एक टेम्पो म्हशाकडे रडतखडत चालला होता. जनीने हॉर्न दिला, टेम्पोवाल्याने आरशात पाहिलं, पाहून पुन्हा पाहिलं, आणि तो बाजू देईना. जनीने चौथा टाकला, हॉर्नवर तळहात तसाच दाबून धरला आणि गाडी टेम्पोच्या पुढे काढली.